हॅलोजनमुक्त आगरोधक नायलॉन, पीबीटी आणि पीसी-एबीएस: किनाऱ्यावरच्या मोल्डरसाठी

चौकशी येते ती साधारण अशी: "हॅलोजन-फ्री पाहिजे, व्ही-झिरो पाहिजे, रंग काळा, भाव कळवा." हॅलोजन म्हणजे जुन्या आगरोधकांतली ब्रोमीन, क्लोरीनसारखी मूलद्रव्यं; व्ही-झिरो म्हणजे यूएल ९४ या ज्वलन टेस्टमध्ये उभी पट्टी चटकन विझल्याचा शिक्का. लोटे-परशुराम एमआयडीसीत मी नायलॉन, पीबीटी (एक पॉलिएस्टर) आणि पीसी-एबीएस (पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचं मिश्रण) यांची कंपाउंडं, म्हणजे पावडरी मिसळून तयार केलेला दाणा, करते. शेजारच्याच शेडमध्ये त्यांची मोल्डिंगं निघतात, त्यामुळे दाणा बनवणारीही मीच आणि तो मशीनवर काय त्रास देतो हे ऐकणारीही मीच. एवढ्या चौकशीवर भाव सांगता येतो, पण योग्य माल देता येत नाही. चिपळूण, महाड, रत्नागिरी, कुडाळकडच्या छोट्या मोल्डरांसाठी आणि या धंद्यात नव्यानं आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की हॅलोजनमुक्त ग्रेडमध्ये आगरोधक पावडर निवडणं हे निम्मं काम. ती पावडर बॅरलमधून न बिघडता पार्टपर्यंत पोचवणं हे उरलेलं निम्मं, आणि आपल्या दमट हवेत तेच जास्त जड जातं.

आधी काय विचारायचं

प्लास्टिक कुठलं, त्यात काच (ताकदीसाठी घातलेले काचेचे तंतू) आहे का, आणि पार्टची सगळ्यात पातळ भिंत किती? या तीन उत्तरांशिवाय पुढे जाऊ नका. व्ही-० हा शिक्का मटेरियलला सरसकट मिळत नाही, तो ठरावीक जाडीला मिळतो. १.६ मिलिमीटरला व्ही-० असलेला दाणा ०.८ ला व्ही-२ किंवा नापास होऊ शकतो. ड्रॉइंगमध्ये भिंत २ मिलिमीटर दिसते, पण क्लिपच्या मुळाशी किंवा टर्मिनलच्या खाचेत ती ०.७ असते, आणि आग लागते ती तिथेच, कारण गरम होणारा स्क्रू तिथे असतो. पार्ट हातात घ्या आणि व्हर्नियर लावून पाहा.

मग विचारा, टेस्ट कुठली? यूएल ९४ ची ज्योत वेगळी, ग्लो वायर, म्हणजे लालबुंद तार टेकवण्याची टेस्ट, वेगळी. घरगुती उपकरणांच्या आयईसी ६०३३५-१ मध्ये, कुणी लक्ष ठेवून नसताना चालणाऱ्या उपकरणांत, ०.२ अँपिअरपेक्षा जास्त करंट वाहणाऱ्या जोडणीजवळच्या प्लास्टिकला ग्लो वायरच्या जास्त कडक अटी लागतात. बाजारात त्या "८५०-७७५" म्हणून ओळखल्या जातात. ८५० म्हणजे पेट घेतला तरी विझण्याची हद्द, ७७५ म्हणजे मुळात पेट न घेण्याची. व्ही-० असलेला दाणा ७७५ ला पास होईलच असं नाही. ग्राहकानं नुसतं व्ही-० लिहिलं असेल आणि पार्ट वॉशिंग मशीनच्या कनेक्टरचा असेल, तर फोन करून विचारा. तो फोन पुढचे दोन महिने वाचवतो.

शेवटचा प्रश्न: हॅलोजनमुक्त म्हणजे नेमकं किती? बाजारात बहुतेक जण आयईसी ६१२४९-२-२१ ची हद्द धरतात. क्लोरीन ९०० पीपीएमच्या (दहा लाखांत ९०० भागांच्या) आत, ब्रोमीन ९०० च्या आत, दोन्ही मिळून १५०० च्या आत. ते मानक मुळात सर्किट बोर्डाच्या लॅमिनेटसाठी आहे, पण दाण्यालाही तेच लावतात. त्यात फ्लोरीन मोजला जात नाही. काही ग्राहक मात्र फ्लोरीनही नको म्हणतात, आणि मग ठिबक रोखण्यासाठी घातलेला अर्धा टक्का पीटीएफई (टेफ्लॉन) सुद्धा अडचणीचा ठरतो. हे ऑर्डर घेण्याआधी लिहून घ्या.

इथे एक फसगत सांगते, कारण ती फार सहज होते. फॉर्म्युला पूर्ण हॅलोजनमुक्त असतो आणि रंग हिरवा मागितलेला असतो. नेहमीचा थॅलो ग्रीन, म्हणजे पिगमेंट ग्रीन ७, हा क्लोरीन घातलेला कॉपर थॅलोसायनिन आहे. त्याचं जवळपास निम्मं वजन क्लोरीनचं. अर्धा टक्का टाकलात तरी दाण्यात दोन हजार पीपीएमच्या वर क्लोरीन गेला. लॅबचा रिपोर्ट नापास येतो आणि सगळे आगरोधक पावडरीकडे बोट दाखवतात. हिरवा हवा असेल तर क्रोमियम ऑक्साइड ग्रीनसारखा क्लोरीन नसलेला रंग घ्या. नायलॉनच्या उष्णता-स्थिरकांकडेही बघा. काही कॉपरवाल्या पॅकमध्ये पोटॅशियम ब्रोमाइड असतं.

हॅलोजन का सोडायचा

ब्रोमीनवाली जुनी पद्धत आग विझवते हे खरं. गरम झाल्यावर हायड्रोजन ब्रोमाइड सुटतो, तो ज्वाळेतले हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिलचे रॅडिकल पकडतो, आणि अँटिमनी ट्रायऑक्साइड त्याला हात देतो. पण बंद पॅनेलमध्ये तोच वायू ओल्या हवेत आम्ल होऊन तांब्यावर बसतो, धूर दाट काळा होतो आणि माणसाच्या छातीत जातो. काही ब्रोमीन संयुगं तर निसर्गात टिकून राहतात आणि सजीवांच्या शरीरात साठतात. युरोपच्या रोहस (इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवरच्या) नियमांनी १ जुलै २००६ पासून पीबीबी आणि पीबीडीई या ब्रोमीनवाल्या आगरोधकांना ०.१ टक्क्याची हद्द घातली, आपल्याकडच्या ई-कचरा नियमांतही तीच हद्द आली, आणि २०१७ मध्ये त्यांतलाच डेकाबीडीई टिकाऊ प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेला. सगळी ब्रोमीन संयुगं बंद झालेली नाहीत. तरीही नवीन पार्टसाठी मी ग्राहकाला हॅलोजनमुक्तच सुचवते, आणि त्यामागे कागदी नियमांपेक्षा मोठं कारण आपल्या हवेचं आहे.

ते कारण म्हणजे ट्रॅकिंग. दोन टर्मिनलांच्या मधल्या प्लास्टिकवर ओल, धूळ आणि मीठ साचलं की त्यातून बारीक करंट चालतो, ठिणग्या पडतात, पृष्ठभाग कोळपतो आणि कोळशाचीच एक वाट तयार होते. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात उघडलेले स्विचबोर्ड ज्यांनी पाहिलेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गाळ पुसला की बेसवर एका स्क्रूपासून दुसऱ्या स्क्रूकडे फांद्या फुटत गेलेली काळी रेघ दिसायची, नखानं खरवडली तरी न जाणारी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरचे स्विच पुराशिवायच अशा रेघा धरतात, कारण खारं वारं बारा महिने. या सवयीला प्लास्टिक किती तोंड देतं ते सीटीआयमध्ये मोजतात. आयईसी ६०११२ नुसार ०.१ टक्का अमोनियम क्लोराइडच्या पाण्याचे ५० थेंब, दर ३० सेकंदांना एक, आणि जास्तीत जास्त ६०० व्होल्ट. काच घातलेल्या ब्रोमीन-अँटिमनी नायलॉनचा सीटीआय साधारण २५० ते ४०० मध्ये अडकतो. फॉस्फिनेट या फॉस्फरसच्या आगरोधकाचा चांगला केलेला दाणा ६०० गाठतो. बोटीवरच्या, पंपावरच्या, किनाऱ्यालगतच्या मीटरपेटीतल्या पार्टसाठी हा फरक मला व्ही-० इतकाच मोलाचा वाटतो.

भावाचं भांडण इथेच मिटवून टाकू. हॅलोजनमुक्त दाणा किलोला महाग दिसतो. पण ब्रोमीन-अँटिमनीवाल्या काच-नायलॉनची घनता १.६ च्या आसपास आणि फॉस्फिनेटवाल्याची १.४ च्या आसपास असते. १० घनसेंटिमीटरचा पार्ट एकात १६ ग्रॅमचा, दुसऱ्यात १४ ग्रॅमचा. किलोमागे पहिल्यात ६२ पार्ट निघतात, दुसऱ्यात ७१. ग्राहकाला किलोचा भाव न सांगता पार्टचा भाव सांगा.

कुठल्या प्लास्टिकला काय

बिनकाचेचं नायलॉन ६ किंवा ६६ असेल तर मेलामाइन सायन्युरेट घ्या, ६ ते १० टक्के. ते ३०० अंशांच्या पुढे फुटतं, फुटताना उष्णता खातं, न जळणारा वायू सोडतं आणि वितळलेलं नायलॉन पटकन ओघळवून ज्योतीपासून दूर नेतं. स्वस्त, पांढरं, रंगाला सोपं. केबल टाय, छोटे कनेक्टर, टर्मिनल ब्लॉक यांत छान चालतं.

त्याच दाण्यात ३० टक्के काच टाकली की हा सगळा खेळ मोडतो. हे एकदा डोळ्यांनी पाहा. बिनकाचेची पट्टी ज्योतीत धरली की टोक मऊ पडतं, एक थेंब सुटतो आणि उष्णता त्याच्याबरोबर खाली जाते, वर पट्टी विझलेली असते. काचेच्या पट्टीत थेंब सुटतच नाही. नायलॉन वितळतं, पण काचेच्या तंतूंचं जाळं ते धरून ठेवतं आणि समईच्या वातीसारखं वर वर ओढत जाळत राहतं. म्हणून काच असेल तिथे ओघळवून विझवण्याचा उपाय चालत नाही. तिथे वर घट्ट कोळशाचा थर बसवणारं आणि ज्वाळेतही शिरणारं रसायन लागतं.

ते काम अ‍ॅल्युमिनियम डायइथाइल फॉस्फिनेट करतं. यात फॉस्फरस २३ ते २४ टक्के असतो. काही भाग वायू होऊन ज्वाळेतले रॅडिकल मारतो, उरलेला अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेट होऊन थर धरतो. नायलॉन ६६ मध्ये ते एकटं पुरत नाही. सोबत मेलामाइन पॉलिफॉस्फेट आणि थोडं झिंक बोरेट घालतात. ३० टक्के काचेच्या नायलॉन ६६ साठी तिन्हींचं मिश्रण १८ ते २० टक्क्यांवर धरून सुरुवात करा. त्यात फॉस्फिनेट साधारण दोन भाग, पॉलिफॉस्फेट एक भाग आणि झिंक बोरेट एकूण दाण्याच्या एक टक्क्याच्या आसपास. ०.८ मिलिमीटरला व्ही-० मिळवायचं असेल तर इथून वर-खाली करत जा. झिंक बोरेट वाचवायला जाऊ नका. ते थर घट्ट करतंच, शिवाय प्रोसेसमध्ये सुटणारी आम्लं बांधून ठेवतं, आणि तुमच्या स्क्रूचं आयुष्य त्यावर अवलंबून असतं. मिश्रण तयार पॅकमध्येही मिळतं. क्लेरिअंटची एक्सोलिट ओपी मालिका या कामासाठी सगळ्यांना माहीत आहे. नवशिक्यानं तयार पॅकपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. उच्च तापमानाच्या नायलॉनला, जिथे मेल्ट (वितळलेलं प्लास्टिक) ३२० च्या वर जातो, तिथे पॉलिफॉस्फेट तग धरत नाही. तिथे ते काढावं लागतं.

पीबीटीमध्येही फॉस्फिनेटच, १५ ते २० टक्क्यांत, पण जोडीला बहुधा मेलामाइन सायन्युरेट. पीबीटी ठिसूळ होतं हे आधीच धरून चाला. क्लिप असलेल्या पार्टला डिझाइनमध्ये त्रिज्या वाढवून घ्या, नाहीतर जुळणीच्या टेबलावर क्लिपा तुटतात.

लाल फॉस्फरसबद्दल माझं मत कडक आहे. ५ ते ८ टक्क्यांत काचेचं नायलॉन ६६ व्ही-० होतं, ताकद टिकते, सीटीआय उत्तम येतो, भावही परवडतो. कागदावर त्याला तोड नाही. पण रंग फक्त काळा किंवा विटकरी होतो, आणि उष्णता व ओल एकत्र आली की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. पुढे वर्षानुवर्षं दमट हवेत फॉस्फरसची आम्लं तयार होऊन पृष्ठभागावर येतात आणि तांबं, चांदीचे संपर्क खातात. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत आयसीवरच्या एपॉक्सी आवरणात लाल फॉस्फरस वापरल्यानं आतल्या आत शॉर्ट होण्याच्या तक्रारी जगभर गाजल्या होत्या. आपल्या किनाऱ्यावर जाणाऱ्या पार्टसाठी मी तो सुचवत नाही. वापरायचाच झाला तर कोटिंग केलेला, मास्टरबॅचच्या रूपात घ्या, कोरडी पावडर शेडमध्ये आणूच नका, आणि मशीनच्या नोझलवर धूर ओढणारा हूड बसवल्याशिवाय चालवू नका. वासावर विसंबणं हा सुरक्षेचा उपाय नव्हे.

पीसी-एबीएसचं गणित वेगळं. पीसीला स्वतःच कोळसा धरायची सवय आहे, एबीएसला नाही. म्हणून बीडीपी किंवा आरडीपी हे फॉस्फेट एस्टर १० ते १५ टक्के आणि ठिबक रोखायला ०.३ ते ०.५ टक्के पीटीएफई, एवढ्यात व्ही-० मिळतं, पण एबीएसचा वाटा कमी ठेवला तरच. एबीएस ३० टक्क्यांच्या पुढे गेलं की फॉस्फेट वाढवत बसावं लागतं, आणि तो प्लास्टिसायझरसारखा वागून उष्णतेतली ताठरता पाडतो. दोघांत मी बीडीपी पसंत करते, कारण ओलीत तो जास्त टिकतो. नुसत्या पीसीला सल्फोनेट मीठ ०.१ टक्क्याच्या आसपासही पुरतं. पण त्यातला परफ्लुरोब्युटेनवाला प्रकार फ्लोरीनचा आहे. "फ्लोरीनही नको" म्हणणाऱ्याला केएसएस हे फ्लोरीन नसलेलं सल्फोनेट मीठ द्या.

अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा विचार इथे करू नका. ते २०० अंशांच्या आसपासच पाणी सोडतं, नायलॉनच्या बॅरलमध्ये नुसता फेस होईल. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ३०० च्या पुढपर्यंत तग धरतं, पण ५०-६० टक्के भरावं लागतं.

एक्सट्रूडरवर

ट्विन स्क्रू (दोन स्क्रूंच्या) एक्सट्रूडरमध्ये पॉलिमर मुख्य फीडरमधून, काच साइड फीडरमधून आणि आगरोधक पावडरही साइड फीडरमधूनच, पॉलिमर पूर्ण वितळल्यावर द्या. मुख्य फीडरमध्ये सगळं मिसळून टाकलं तर घन दाण्यांच्या घासण्यात पावडर नको तेवढी तापते. स्क्रूची रचना मऊ ठेवा. नीडिंग ब्लॉक (स्क्रूवरचे मळणारे तुकडे) मोजके. काचेच्या पुढे जास्त घासाघीस झाली की तंतू तुटतात आणि तापमानही चढतं. डिस्प्लेवरचं बॅरलचं तापमान हे भिंतीचं असतं. आतला मेल्ट त्याहून २०-३० अंश गरम असू शकतो. डायमधून निघणारा मेल्ट सुईच्या थर्मामीटरनं मोजा. नायलॉन ६६ साठी तो ३०० ओलांडत असेल तर आधी आरपीएम कमी करा, हीटर नंतर.

बिघाड सुरू झाल्याचं स्ट्रँड, म्हणजे डायमधून निघणारी प्लास्टिकची दोरी, सांगतो. चांगला स्ट्रँड एकसारख्या जाडीचा, किंचित खरबरीत आणि दुधी-करडा निघतो. तो पिवळट, मग तपकिरी होऊ लागला, पाण्याच्या टाकीत तरंगू लागला, तोडल्यावर आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली, की आत वायू सुटतोय. मागच्या पावसाळ्यात रात्रपाळीच्या मुलानं फोन केला, "ताई, स्ट्रँड फुगतंय, टेम्परेचर वाढवू?" मी म्हटलं, "अजिबात नको. आधी व्हॅक्युमची जाळी बघ, मग दाण्याची ओल." जाळीत पावडरीचा लगदा बसला होता. फुगणाऱ्या स्ट्रँडला तापमान वाढवणं म्हणजे बिघाडाला बळ देणं, एवढं प्रत्येक ऑपरेटरला सांगून ठेवा.

ब्रोमीनचा लॉट चालवून झाल्यावर त्याच मशीनवर हॅलोजनमुक्त घेत असाल तर पर्जिंगला (आतला जुना माल ढकलून बाहेर काढायला) कंजुसी करू नका. ९०० पीपीएम म्हणजे किलोला एक ग्रॅमसुद्धा नाही. डाय आणि व्हेंट उघडून साफ करा. जमत असेल तर मशीनच वेगळं ठेवा. आमच्याकडे फीडरच्या डब्यांपासून झाडूपर्यंत हिरव्या पट्टीचं सामान वेगळं आहे.

सुकवणं

आता ज्या गोष्टीसाठी मुळात लिहायला बसले ती. हॅलोजनमुक्त ग्रेड नापास होण्याची जी कारणं मी किनाऱ्यावर पाहते त्यांत ओल सगळ्यात वरची. नायलॉन ६ पाण्यात भिजत ठेवलं तर ९-१० टक्के पाणी पितं, नायलॉन ६६ आठच्या वर. ओला दाणा ब्रोमीनच्या ग्रेडमध्येही वाईटच, पण तिथे तो बहुतेक दिसण्यापुरता त्रास देतो, पार्टवर चंदेरी रेघा येतात. फॉस्फरस-नायट्रोजनच्या ग्रेडमध्ये त्याच पाण्यानं २८० अंशांना पॉलिफॉस्फेट तुटतं, त्यातून आम्ल सुटतं, ते आम्ल नायलॉनच्या साखळ्या तोडतं. पार्ट ठिसूळ होतो, डाय चिकटते, स्क्रू खाल्ला जातो आणि जळण्याच्या टेस्टमध्ये थेंब पडून कापूस पेटतो. एकाच पाण्यानं चार नुकसानं.

बहुतेक छोट्या शेडमध्ये साधा हॉट एअर हॉपर ड्रायर असतो. तो बाहेरचीच हवा ओढून गरम करतो. जुलैतली लोट्याची हवा धरा: २८ अंश, आर्द्रता ९० टक्के, म्हणजे दवबिंदू २६ च्या आसपास. ती ८० अंशांना तापवली तरी तिच्यात सापेक्ष आर्द्रता ७ टक्के उरतेच. दाणा त्या हवेशी समतोल साधतो आणि तिथेच थांबतो. मग चार तास ठेवा की चौदा. डिह्युमिडिफायिंग ड्रायरमध्ये दवबिंदू उणे ३० ते उणे ४० असतो. तीच ८० अंशांची हवा, पण आर्द्रता ०.१ टक्क्याच्याही आत. ज्या दिवशी हॅलोजनमुक्त नायलॉनचं काम घ्याल त्या दिवशी या ड्रायरचा खर्च भावात धरा. मशीन जुनं असलं तरी चालेल, ड्रायर मात्र चांगला हवा, असं मी प्रत्येकाला सांगते.

नायलॉन ८० अंशांना ४ ते ६ तास, ओल ०.१ टक्क्याच्या आत आणा. सर्वसाधारण नायलॉनला ०.२ चालते, याला नको. ८५ च्या वर साध्या हवेत ठेवू नका, दाणा पिवळा पडतो. पीबीटी १२० अंशांना ४ तास, ०.०३ टक्क्यापर्यंत. पीसी १२० ला, ०.०२ टक्क्यापर्यंत. पीसी-एबीएसमध्ये बीडीपी असल्यानं ८५-९० वरच थांबा, नाहीतर हॉपरमध्ये दाण्यांचा गठ्ठा होतो. गोणी उघडली की लगेच ड्रायरमध्ये. उरलेली गोणी उष्णतेनं सीलबंद करा, तोंड पिळून सुतळी बांधणं पुरत नाही. आणि ड्रायरमधून काढलेला दाणा मशीनच्या उघड्या हॉपरमध्ये तासभर पडून राहिला तर पावसाळ्यात त्यानं कमावलेलं सगळं गमावलेलं असतं. हॉपर छोटा ठेवा, झाकण लावा.

ओल मोजायचं मशीन नसेल तर काचपट्टीची जुनी टेस्ट करा. हॉट प्लेट नायलॉनच्या वितळणबिंदूच्या थोडी वर तापवा. नायलॉन ६ चा बिंदू २२० च्या जवळ, ६६ चा २६० च्या जवळ. प्लेटवर सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी, तिच्यावर चार दाणे, ते वितळू लागले की वरून दुसरी गरम काचपट्टी लाकडी काडीनं दाबा, दाणा रुपयाएवढा पसरेपर्यंत. उचलून थंड करा आणि उजेडासमोर धरा. एखादा बुडबुडा हवा अडकल्याचा असतो, त्याकडे दुर्लक्ष करा. प्रत्येक दाण्यात बुडबुड्यांची रांग दिसली तर माल परत ड्रायरमध्ये. काळ्या दाण्यात हे दिसत नाही. तिथे नोझलमधून हवेत सोडलेला मेल्ट बघा. कोरडा मेल्ट मधासारखा अखंड उतरतो, ओला फसफसतो आणि कडकड आवाज करतो.

मशीनवर

मेल्टचं तापमान नायलॉन ६६ ला २७० ते २९०, नायलॉन ६ आणि पीबीटीला २४० ते २६५. पार्ट भरत नाही म्हणून हीटर वाढवण्याआधी गेट मोठं करा, साचा ८०-९० अंशांना ठेवा, व्हेंट उघडा. शॉटचं वजन बॅरलच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली गेलं की मेल्ट आत फार वेळ शिजतो. मोठ्या मशीनवर छोटा पार्ट चालवू नका. मशीन दहा मिनिटं थांबणार असेल तर बॅरल रिकामा करा आणि तापमान उतरवा. लाइट जाणं आपल्याकडे नवं नाही. परत आल्यावर पहिले काही शॉट जमिनीवर काढा आणि ते ग्राइंडरमध्ये जाऊ देऊ नका.

व्हेंटमध्ये पांढरा-पिवळट थर साचतो. तो साचला की हवा अडकते, कोपरा जळतो आणि आत दोष राहतो. प्रत्येक पाळीला पुसा. व्हेंटची खोली ०.०२ मिलिमीटरच्या आसपास ठेवा म्हणजे फ्लॅशही येत नाही. साचा आणि स्क्रू-बॅरल घेताना साधं नायट्राइड स्टील टाळा. काचेचं घासणं आणि फॉस्फरसचं आम्ल एकत्र आलं की ते लवकर झिजतं, विशेषतः स्क्रूचं टोक आणि चेक रिंग. बायमेटॅलिक बॅरल आणि पावडर मेटलर्जीच्या स्टीलचा स्क्रू महाग पडतो, पण कुशन (स्क्रूच्या पुढे उरणारा माल) शॉटमागून शॉट हलू लागल्यावर वाया जाणारा माल त्याहून महाग पडतो.

रिग्राइंडची (दळून परत वापरलेल्या मालाची) यूएलची सर्वसाधारण मुभा २५ टक्क्यांपर्यंत आहे, त्याच ग्रेडचं आणि स्वच्छ असेल तर. पातळ भिंतीच्या पार्टला मी १० च्या वर जाऊ देत नाही. ग्राइंड झालेला रनर (साच्याच्या वाटेत उरलेलं प्लास्टिक) लगेच वापरा किंवा सील करा, तो दाण्याहून लवकर ओल पितो.

जाळून बघणं

बाहेरच्या लॅबच्या रिपोर्टवर थांबू नका, प्रत्येक लॉटची पट्टी स्वतः जाळा. १२५ बाय १३ मिलिमीटरच्या पाच पट्ट्या, पार्टच्या सगळ्यात पातळ जाडीच्या. बंद पेटी, कारण वारा लागला की निकाल खोटा येतो. पट्टी उभी टांगा, ३०० मिलिमीटर खाली कोरडा कापूस. बुन्सेन बर्नरची निळी ज्योत २० मिलिमीटर उंच ठेवा, १० सेकंद लावा, काढा, विझेपर्यंतचा वेळ मोजा. विझली की लगेच पुन्हा १० सेकंद. व्ही-० साठी कुठलीही ज्योत १० सेकंदांच्या पुढे टिकता कामा नये, पाचही पट्ट्यांच्या दहा वेळांची बेरीज ५० च्या आत हवी, दुसऱ्या वेळची ज्योत आणि त्यानंतरचा निखारा मिळून ३० सेकंदांच्या आत, आणि कापूस पेटता कामा नये. कापूस पेटला तर वेळ कितीही चांगली असो, व्ही-२.

पट्ट्या दोन गटांत ठेवा, प्रत्येक गटात पाच. एक गट २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ४८ तास, दुसरा ७० अंशांच्या ओव्हनमध्ये १६८ तास आणि नंतर डेसिकेटरमध्ये थंड. एसी खोली नसेल तर पावसाळ्यात पहिल्या गटाला उघड्यावर ठेवून निकालाचा अर्थ लावू नका. ती पट्टी पाणी प्यायलेली असते. वेळा ९ आणि १० सेकंदांवर रेंगाळत असतील तर तो लॉट पास असूनही मी पाठवत नाही. ग्राहकाच्या मशीनवर पाच अंश जास्त लागले की तो नापास होणार, हे ठरलेलं.

जाळताना हूड चालू हवा, मास्क हवा. आगरोधक पावडरीची गोणी फोडतानाही तेच. बारीक धूळ हवेत उडाली की श्वासाचा आणि भडक्याचा दोन्हीचा धोका असतो. सांडलेली पावडर पाण्यानं धुऊन गटारात सोडू नका. ब्लोअरनं उडवू नका, स्फोटरोधक व्हॅक्युमनं ओढा आणि बंद पिशवीत अधिकृत एजन्सीला द्या. लोट्याचं सांडपाणी प्रक्रियेनंतर दाभोळ खाडीकडेच जातं, आणि खाडीवर जाळं टाकणारी गावं आमच्या कामगारांचीच आहेत. स्ट्रँडच्या टाकीचं पाणीही गाळून पुन्हा वापरा. तळाशी बसणारा पांढरा गाळ वेगळा काढा.

प्रत्येक लॉटची एक किलो गोणी, दोन न जाळलेल्या आणि दोन जाळलेल्या पट्ट्या, ड्रायरचा दवबिंदू आणि ओलीचा आकडा लिहिलेला कागद, हे सगळं ॲल्युमिनियमच्या पिशवीत सील करून पार्टची ग्राहकाकडची हमी संपेपर्यंत ठेवा. काचेच्या नायलॉनच्या जाळलेल्या पट्टीचं टोक कापून आडवा छेद पाहा: कोळसा काचेला घट्ट धरून असेल तर तो लॉट तुमचा संदर्भ लॉट. पुढचा प्रत्येक लॉट त्याच्या शेजारी ठेवून तपासा.